लाल पट्टीची तार

“मॅडम, इथेच बसा ना. एसी आहे, चहा आहे, जनरेटर चालू आहे. उत्तनला काय आहे? तिकडे लाइटसुद्धा नाही.”

“लाइट नाही म्हणूनच जायचंय,” मी म्हटलं.

जाधवसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कामाला नाही, सहलीला निघाले होते. ते महापालिकेच्या आपत्ती कक्षाचे प्रमुख. माणूस भला. वादळ आल्यापासून घरी गेले नव्हते, डोळे लाल झाले होते, आणि समोरचे चारही फोन एकाच वेळी वाजत होते. अशा माणसाशी वाद घालू नये हे मला कळत होतं. तरी घातला.

मी वैजयंती सावंत. माहेर राजापूरचं, राहायला मिरा रोडला सिल्व्हर पार्कात. टेलिफोन खात्यात नोकरी केली, व्हीआरएस घेतली, आणि आता हाटकेशच्या एका गाळ्यात माझं वायरलेस दुरुस्तीचं दुकान आहे. सिक्युरिटीवाल्यांचे वॉकी-टॉकी, मांडववाल्यांचे वॉकी-टॉकी, पाण्यात पडलेले, गाडीखाली आलेले, सगळे माझ्याकडे येतात. शिवाय मी हॅम आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. सरकारची परीक्षा दिली की लायसन्स मिळतं आणि आपल्या सेटवरून थेट दुसऱ्या हॅमशी बोलता येतं. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. या ‘हौशी’ शब्दाचा मला मनापासून राग आहे. हौशी म्हटलं की लोकांना संध्याकाळचा भजनाचा क्लास आठवतो. वादळात टॉवर पडले की मग त्यांना आमची आठवण येते.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर वादळ आलं. आम्हाला खरचटून ते गुजरातकडे वळलं. भाईंदरला फांद्या पडल्या, पत्रे उडाले, तेवढ्यावर निभावलं. उत्तनला मात्र रस्त्यावर झाडं आडवी झाली, विजेचे खांब वाकले आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपल्यावर अख्खं गाव मुकं झालं. मासेमारीला गेलेल्या बोटी वेळेत परतल्या होत्या. एक सोडून. ‘सेंट पीटर’. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, जोसेफ आणि त्याच्याबरोबर पाच जण.

आणि गावानं ठरवलं होतं की आपल्या माणसांना आपणच शोधायचं. त्या दिवशी भरतीचं पाणी चढलं की दोन बोटी निघणार. तटरक्षक दलाला कळवलेलं होतं, शोध चालू होता. पण किनारा केवढा मोठा! समुद्र अजून खवळलेला होता, बोटी काढायला बंदी होती.

“पोलिसांनी समजावलं, फादरनी समजावलं,” जाधवसाहेब म्हणाले. “कोणी ऐकत नाही. सहा माणसांसाठी अजून सोळा जातील आणि मग मी कोणाकोणाला शोधू?”

“तुमच्याकडे त्यांना सांगायला काही आहे का?”

“काय सांगणार? काहीच माहिती नाही.”

“मग का ऐकतील?”

मी माझं गणित मांडलं. वारा ज्या दिशेनं होता, त्यात अडकलेली बोट उत्तनकडे येऊच शकली नसती. ती पलीकडे गुजरातच्या किनाऱ्याला, जाफराबादच्या बाजूला गेली असणार. आपल्याकडच्या कितीतरी बोटी अडचणीत तिथे आसरा घेतात. तिथे वादळ जास्त लागलं होतं, एकही फोन लागत नव्हता. पण तिथे हसमुखभाई आहेत. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि माझ्यासारखेच तेही हॅम आहेत. वादळ असो नसो, सकाळी आम्हा हॅम मंडळींचा एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर कट्टा भरतो, त्याला आम्ही नेट म्हणतो. हसमुखभाई तिथे हजेरी चुकवत नाहीत.

“मग इथूनच बोला ना त्यांच्याशी!”

“साहेब, तुमचा जनरेटर, तुमचा एसी, लिफ्टची मोटर, प्रत्येक टेबलाखालचा इन्व्हर्टर, हे सगळे रेडिओच्या कानात एकदम ओरडतात. इथे मला खरखरीशिवाय काही ऐकू येणार नाही. आणि समजा आलंच, तर ती बातमी उत्तनला नेणार कोण? फोन बंद. रस्ता बंद. आणि तुमच्या तोंडून गेलेली बातमी ते मानतील?”

हे शेवटचं वाक्य जरा लागलं त्यांना. पण त्यांनी जीप दिली, अग्निशमन दलाची दोन धट्टीकट्टी माणसं दिली, आणि दारापर्यंत येऊन म्हणाले, “भरतीच्या आत, मॅडम. नंतर उपयोग नाही.”

जीप शेवटपर्यंत गेली नाही. उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरी गावापुढे एक चिंचेचं झाड रस्त्यावर झोपलं होतं. तिथून पायी. एकानं बॅटरी खांद्यावर घेतली, दुसऱ्यानं तारेची भेंडोळी आणि केबल, मी सेट पोटाशी धरला. एखाद्या बाळंतिणीसारखी चालत होते मी. ऊन मात्र स्वच्छ पडलं होतं. वादळ गेल्यावर पडतं तसं.

मच्छीमारांच्या सोसायटीनं जाळी ठेवायची खोली उघडून दिली. खोलीला एकच खिडकी, ती रस्त्याच्या बाजूला. मागच्या बाजूला मोठं मोकळं मैदान, तिथे बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव. उभे बांबू, त्यांच्यावर आडव्या दोऱ्या, एकीखाली एक. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि दोरीवर टांगायची. पावसात सगळे मांडव रिकामे झाले होते. मला बरंच वाटलं. आयते खांब मिळाले.

माझी अँटेना म्हणजे काही मोठं प्रकरण नसतं. तांब्याच्या दोन लांब तारा. मधला भाग एका उंच बांबूवर चढवायचा, दोन्ही टोकं दोन बाजूंना उतरती आणून बांधायची. लांबून पाहिलं तर तंबूचं छप्पर दिसतं. यातून निघालेली लहर सरळ वर जाते, आकाशात खूप उंचावर विजेचा भार असलेला एक थर आहे त्यावर आपटते आणि खाली येते. छताला मारलेला चेंडू खोलीत कुठेतरी परत पडतो तसं. त्यामुळे मधल्या खाडीची, डोंगराची, समुद्राची अडचण येत नाही. फक्त तारेची लांबी फ्रिक्वेन्सीला अचूक जुळायला लागते. एवढंच पथ्य.

आणि एक काळजी. सेटवरून बोलताना तारेच्या टोकांना हात लावायचा नसतो, चटका बसतो. टोकं माणसाच्या हाताच्या उंचीवर आली होती. म्हणून मी शिस्तीप्रमाणे दोन्ही टोकांना लाल कापडाच्या ठळक पट्ट्या बांधल्या. लाल म्हणजे धोका. शाळेतल्या मुलालाही कळतं. स्वतःवर खूश होऊन मी खोलीत आले.

दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची, कमरेला ओढणी घट्ट बांधलेली, काखेत मासळीची टोपली.

“यातनं बोलता येते?” तिनं सेटकडे बोट करून विचारलं.

“येतं.”

“माज्या घोवाशी?”

तेव्हा कळलं की ही फिलोमिना. जोसेफची बायको. मी म्हटलं, “त्यांच्याजवळ असा सेट नाही, ताई. पण त्यांना कोणी पाहिलं असेल, तर त्याच्याशी बोलता येईल.”

“बरा,” ती म्हणाली आणि टोपली घेऊन निघून गेली. रडणं नाही, हात जोडणं नाही. मी मनात म्हटलं, कमाल आहे बाईची! नवरा समुद्रात आणि हिला बोंबील सुचतायत. आत्ता हे लिहिताना मला त्या विचाराची लाज वाटते.

सेट जोडला. पहिल्यांदा मीटर पाहिला. सेट जी ताकद पाठवतो त्यातली किती अँटेना घेते आणि किती परत ढकलते, हे तो मीटर सांगतो. काटा जवळजवळ शून्यावर. म्हणजे सगळी ताकद बाहेर. पुण्याचे एक गृहस्थ त्या दिवशी नेट चालवत होते, त्यांना हाक मारली. “वैजयंतीताई, खणखणीत! शेजारच्या खोलीतून बोलताय असं वाटतंय,” ते म्हणाले. हसमुखभाई अजून आले नव्हते. त्यांच्या गावात वीज नाही, बॅटरी जपून वापरतायत, थोड्या वेळानं येतील, असं कळलं.

तेवढ्यात बोटीचा नंबर विचारून यावा म्हणून मी धक्क्यावर गेले. दोन बोटींत डिझेल भरणं चाललं होतं. जोसेफचा धाकटा भाऊ डॉमनिक सगळ्यांना हुकूम सोडत होता. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. त्यानं नंबर सांगितला. मी म्हटलं, “जाफराबादहून खबर मिळण्याची शक्यता आहे. तोवर थांबा.”

“कोनाची खबर?”

“तिथे आमचा माणूस आहे.”

“बाय, तुमी आयलाव, चांगला केला,” तो म्हणाला. “पन आमाला खबर देऊ नका. मागं एकदा मोबाइलवर आयला होता, सगले सुखरूप, सगले सुखरूप. गावानं फटाके फोडले. दुसऱ्या दिवशी मयतांच्या दोन पेट्या आयल्या.”

मी नंबर कागदावर लिहून घेतला.

“पानी चढला की आमी निघनार. जोसेफच्या तोंडातला शब्द ऐकला तर थांबू. दुसऱ्या कोनाच्या न्हाय.”

मी परत खोलीत आले, कानाला हेडफोन लावला, आणि आनंदानं जवळजवळ ओरडलेच. हसमुखभाई बोलत होते! त्यांचा तो गुजराती वळणाचा हिंदी आवाज, अगदी कानाशी. “बहुत बोटां आई है इधर महाराष्ट्र की. वसई की है, उत्तन की है. किसी को कुछ पूछना है तो अभी पूछो, मेरी बैटरी खतम होने को आई है.”

मी बटण दाबलं. “हसमुखभाई, वैजयंती बोल रही हूँ उत्तन से. उत्तन की बोट सेंट पीटर, उसका पता चाहिए.”

उत्तर नाही.

पुन्हा बोलले. त्यांचा आवाज आला, पण तो मला नव्हता. “कोई है? नहीं है तो मैं बंद करता हूँ, शाम को आऊँगा.”

संध्याकाळी! इथे पाणी चढत होतं.

पुण्याचे गृहस्थही मध्ये बोलले, “कोणीतरी खूप क्षीण आवाजात हाक मारतंय, पण काही कळत नाही.” ते क्षीण आवाजातलं कोणीतरी म्हणजे मी. मघाशी शेजारच्या खोलीतून बोलणारी.

मीटरकडे पाहिलं. काटा पार उजवीकडे टेकला होता. अँटेना सगळी ताकद परत ढकलत होती, आणि सेट स्वतःला वाचवण्यासाठी पाठवायची ताकद कमी करत होता. अशा वेळी ऐकू सगळं येतं, पण आपलं कोणाला पोचत नाही. यापेक्षा छळ दुसरा नाही.

घाई करायची नाही, हा या धंद्याचा नियम. मी बॅटरी पाहिली, ठीक. सेटच्या मागचा कनेक्टर काढला, पुसला, परत लावला. काटा तिथेच. केबल कोणी तुडवली असेल म्हणून खोलीभर हातानं चाचपत दारापर्यंत गेले, केबल धडधाकट. तीस वर्षं लोकांच्या लाइनी दुरुस्त केल्या, पण त्या लाइनीच्या दुसऱ्या टोकाला सहा माणसांचा जीव नव्हता. राहिली बाहेरची तार. केबलच्या मागोमाग मी खोलीला वळसा घालून मैदानात आले.

आणि जागीच थांबले.

माझ्या अँटेनावर बोंबील वाळत होते.

एक नाही, दोन नाही. तारेचं टोक जिथे हाताच्या उंचीला आलं होतं तिथून वर हात पोचेल तिथपर्यंत, जोडीला जोडी लावून, नीटनेटके, ओले, चकचकीत बोंबील. दुसऱ्या टोकालाही तेच. त्यांच्या वजनानं तार झोपाळ्यासारखी खाली आली होती. ओला खारट मासा म्हणजे विजेच्या दृष्टीनं तारच. शंभरेक बोंबील लटकवले की अँटेनाची लांबी भलतीच होऊन बसते, आणि मी तर सांगितलंच, लांबी हेच सगळं पथ्य.

टोकापाशी फिलोमिना उभी होती. शेवटची जोडी अडकवत होती.

“अगं बाई, हे काय केलंस!” मी किंचाळले.

ती दचकली. मग बोट चोळत म्हणाली, “ही दोरी कसली हाय गो? मगाशी मुंगीसारखी चावली.”

“ही दोरी नाही, अँटेना आहे! धोका म्हणून मी लाल पट्टी नाही का बांधली?”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “लाल तर आमची.”

मला कळेना. बाजूच्या मांडवावर काम करणाऱ्या बायकांनी मग समजावलं. मैदान एक, मांडव अनेक घरांचे. भांडण नको म्हणून प्रत्येक घर आपल्या दोरीच्या टोकाला आपल्या रंगाची चिंधी बांधतं. कोणाची निळी, कोणाची पिवळी, कोणाची फुलाफुलांची. आणि लाल जोसेफच्या घरची. त्याच्या आजीपासून लालच.

“मना वाटला, डॉमनिकनं बांधली माज्यासाठी,” फिलोमिना म्हणाली. “नवी तार, लाल चिंधी. म्हटला, दिराला माजी कालजी हाय. परवा भिजलेली मासली आज ऊन न्हाय दाखवली तर सडंल. मागच्या फेरीला जोसेफनं मारलेली शेवटची मासली हाय ती. ती कशी सडू देऊ?”

तेव्हा मला तिचं ते ‘बरा’ कळलं. ही बाई बेफिकीर नव्हती. नवऱ्याच्या हातची मासळी ती वाया जाऊ देणार नव्हती, बास. मी इतका वेळ जिला दगड समजत होते तिच्यासमोर माझेच डोळे भरून आले. पण रडायला सवड नव्हती.

“ताई, हे सगळे आत्ताच्या आत्ता काढ. पलीकडे माणूस बोलतोय. तो जाफराबादला आहे. उत्तनच्या बोटी तिथे आल्यात म्हणतोय.”

पुढचं मी कधी विसरणार नाही. फिलोमिनानं मैदानाकडे तोंड करून अशी हाक मारली की कावळे उडाले. बायका धावल्या. ज्या बायका तासाला हजार बोंबील अडकवतात, त्या काढायला किती वेळ घेणार? कोणी टोपल्या धरल्या, कोणी ओरबाडून घेतले, कोणी तार ओढणीनं पुसून कोरडी केली. मी नुसती ‘ओढू नका, ओढू नका’ करत राहिले. दोघींनी तर उंच बांबू आणून दोन्ही टोकं डोक्याच्या वर उचलून बांधली आणि खाली पहाऱ्याला उभ्या राहिल्या.

“आता कोन हात लावते बगू,” त्यातली एक म्हणाली.

मी खोलीत पळाले. काटा पुन्हा शून्याकडे. बटण दाबलं.

“हसमुखभाई! हसमुखभाई! उत्तन से वैजयंती!”

क्षणभर नुसती खरखर. मग, “अरे वैजयंतीबेन! अब बराबर आया. मैं बंद ही कर रहा था. बोलो, बोलो.”

दार माणसांनी भरून गेलं होतं. मी स्पीकर मोठा केला, बोटीचं नाव आणि नंबर सांगितला. हसमुखभाई म्हणाले, “सेंट पीटर? है ना! इंजन बंद हो गया था, दूसरी बोट बाँध के लाई. मेरी दुकान से दिखती है. नंबर वही है.”

दारात एकच कल्लोळ झाला. कोणी क्रूसाची खूण केली, कोणी रडायला लागलं. फिलोमिना मात्र हलली नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बोट हाय. मानसं हायत काय?”

तिचं बरोबर होतं. ओढून आणलेली बोट रिकामीही असू शकते. मी विचारलं. हसमुखभाई म्हणाले, आलेल्या खलाशांना शाळेत ठेवलंय, आपण स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलंय की सगळे आहेत. ऐकलंय! दाराशी डॉमनिकचा माणूस उभा होता, त्यानं नकारार्थी मान हलवली. पाणी चढलंय, बोटी तरंगायला लागल्यात, असं सांगून तो गेला. पाठोपाठ धक्क्यावरून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

“हसमुखभाई, इधर दो बोट निकल रही है उनको ढूँढने. आप खुद शाळा में जाओ. जोसेफ को मिलो.”

“जाता हूँ बेन. पर मैं बोलूँगा कि मिला, तो वो मानेंगे?”

मी फिलोमिनाकडे वळले. “असं काहीतरी विचार, जे फक्त त्यांनाच माहीत असेल.”

तिनं जराही विचार केला नाही. “इचार त्याला, जाताना घरी काय इसरला आनि ते कुठं हाय.”

मी निरोप दिला. हसमुखभाईंनी बॅटरी वाचवायला सेट बंद केला आणि स्कूटर काढली. मग नुसती खरखर. मी धक्क्यावर माणूस पाठवला: प्रश्न गेलाय, उत्तर जोसेफच्या तोंडचं येईल, थोडं थांबा. डॉमनिकचा उलटा निरोप आला: पाणी थांबत न्हाय. तरी त्यानं दोर सोडला नव्हता. इंजिन चालूच होतं. फिलोमिना एक जाळं मांडीवर ओढून त्याची फाटलेली घरं चाचपत बसली होती. मी फ्रिक्वेन्सीवरून नजर हलवली नाही. पुण्याचे गृहस्थ मधूनमधून सगळ्यांना दटावत होते, “कोणी बोलू नका, चॅनल मोकळा ठेवा.” देशभरातले कितीतरी हॅम तेव्हा श्वास रोखून ऐकत होते, हे मला नंतर कळलं.

शेवटी डॉमनिक स्वतःच आला. दारात उभा राहून म्हणाला, “बस, बाय. आता निघतो.”

आणि स्पीकर खरखरला.

“वैजयंतीबेन, हसमुख. सुनो ध्यान से. बैटरी गई तो गई. छह आदमी है. मैंने खुद गिने, गाठिया खा रहे हैं. जोसेफभाई मेरे सामने बैठे थे. वो बोले, चश्मा भूल गया, फ्रिज के ऊपर है.”

फिलोमिनाच्या हातातलं जाळं गळून पडलं.

“और वो बोले,” हसमुखभाई जरा अडखळले, “माफ करना बेन, जैसा बोला वैसा बोलता हूँ. वो बोले, मैं नहीं भूला. टेबल पे रखा था. उसको हर चीज उठा के फ्रिज पे रखने की आदत है.”

“खोटारडा!” फिलोमिना ताडकन उभी राहिली. “मी हात न्हाय लावला! सोताच ठेवला, सोताच इसरला! सांग त्याला, सांग!”

आणि मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि अख्खी खोली तिच्याबरोबर. मला तिनं असं मिठीत घेतलं की माझे हेडफोन तुटले. डॉमनिक भिंतीला टेकून खाली बसला होता. दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणत होता, “जोसेफच हाय. त्याचाच शब्द हाय. दुसरा कोन भांडेल असा?” मग तो उठला, धक्क्यावर गेला, आणि थोड्या वेळानं एकेक करून दोन्ही इंजिनं बंद झाली. त्या शांततेसारखं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. मग चर्चची घंटा सुरू झाली आणि थांबेचना.

हसमुखभाईंना मी धन्यवाद द्यायला गेले तर पलीकडे बॅटरी संपली होती.

दुसऱ्या दिवशी जाधवसाहेबांनी मला रिपोर्टसाठी बोलावलं. या वेळी त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा स्वतः आणला. टायपिंगला बसलेल्या माणसाला सांगत होते, “मध्यंतरी संपर्क तुटला त्याचं कारण?”

“अँटेनावर बोंबील,” मी म्हटलं.

“मॅडम, असं कसं लिहू?”

“मग कसं लिहिणार?”

त्यांनी विचार केला. “‘स्थानिक परिस्थितीमुळे तांत्रिक अडथळा.’” आणि मग इतके हसले की चहा सांडला. त्या आठवड्यात हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्या वादळाच्या तयारीत माझा सेट कुठे लागणार हे त्यांनी विचारलं नाही. “तुम्ही सांगाल तिथे,” म्हणाले.

पंधरवड्यानं हाटकेशच्या गाळ्यात दोघं नवरा-बायको आली. जोसेफ उंच, सावळा, कमी बोलणारा. फिलोमिनाच्या हातात कागदात गुंडाळलेली सुक्या बोंबलांची मोठी जुडी. “तुज्या तारेवरचे हायत,” ती म्हणाली. “येगले ठेवले होते.” शेजारच्या गाळ्यातला मारवाडी नाक दाबून पळाला. मला त्याची पर्वा नव्हती. केबलला तसाही अजून तोच वास येतो.

मी जोसेफना विचारलं, “चष्मा मिळाला ना?”

त्यांनी गळ्याकडे बोट केलं. चष्मा छातीवर लोंबत होता, दोरीला बांधलेला. दोरी लाल होती.

“हिनं बांधली,” ते म्हणाले. “आता इसरायला सोय न्हाय.”

“मी म्हनाले होते, तोच इसरतो,” फिलोमिना म्हणाली.

तेव्हापासून माझ्या पेटीत सहा-सात रंगांच्या पट्ट्या असतात. नवीन जागी स्टेशन लावायला गेले की सेट उघडण्याआधी मी तिथल्या बायकांना विचारते, इथे कोणता रंग कोणाचाच नाही? मग तोच बांधते.